भक्कम कुलूप, कच्चा कोयंडा : भारतीय डिजिटल स्वाक्षरीमागचे गणित

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याचे तिसरे कलम वाचताना गणिताच्या विद्यार्थ्याने थबकावे अशी एक जागा येते. इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजावर डिजिटल स्वाक्षरी कशी करावी हे सांगताना कायदा दोन साधनांची नावे घेतो : असममित कूटपद्धती आणि हॅश फलन. हॅश फलन कशाला म्हणावे, याचे स्पष्टीकरणही तो तेथेच देतो. हॅश मूल्यावरून मूळ दस्तऐवज पुन्हा घडवणे संगणकाच्या आवाक्याबाहेरचे असले पाहिजे, आणि दोन निरनिराळ्या दस्तऐवजांपासून एकच हॅश मूल्य मिळवणेही तसेच आवाक्याबाहेरचे असले पाहिजे. गंमत अशी, की या अटी पूर्ण करणारे फलन खरोखर अस्तित्वात आहे हे आजवर कोणीही सिद्ध केलेले नाही. संसदेने कायद्यात गणिताचा एक विश्वास लिहून ठेवला.

१७ ऑक्टोबर २००० रोजी कायदा लागू झाला आणि त्याबरोबर प्रमाणन प्राधिकरणांसाठीचे नियमही आले. कायद्याने गुणधर्म सांगितले होते. नियमांनी नावे सांगितली. हॅश फलनांपुढे लिहिले होते एमडी-५ आणि शा-१. आरएसए पद्धतीच्या किल्लीपुढे तीन लांब्या होत्या : ५१२, १०२४ आणि २०४८ बिट. एका तक्त्यातल्या या दोन ओळींचे पुढील दोन दशकांत काय झाले, हा भारतातील डिजिटल विश्वासाचा एक महत्त्वाचा इतिहास आहे. तो समजण्यासाठी आधी १९७७ सालापर्यंत मागे जावे लागते.

त्या वर्षी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत रॉन रिव्हेस्ट, आदी शमीर आणि लेनर्ड एडलमन यांनी आपली कूटपद्धती मांडली. तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून तिला आरएसए हे नाव पडले. ऑगस्ट १९७७ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात तिची ओळख करून दिली आणि वाचकांपुढे १२९ अंकी संख्या ठेवली. तिचे दोन मूळ अवयव शोधून गुप्त संदेश उलगडणाऱ्यास १०० डॉलरचे बक्षीस होते. या काळातील सर्वोत्तम पद्धतीने त्या कामाला चार कोटी अब्ज वर्षे लागतील, असा अंदाज त्या लेखात होता. फारशी चर्चा न झालेली गोष्ट अशी, की आव्हानासोबत एक डिजिटल स्वाक्षरीही छापलेली होती. आव्हान खरोखर त्या संशोधकांचेच आहे, हे कोणालाही सार्वजनिक किल्लीने पडताळून पाहता यावे म्हणून. म्हणजे गुप्त लेखन आणि स्वाक्षरी या दोन्ही गोष्टी आरएसएच्या पोटी जुळ्या जन्मल्या.

स्वाक्षरीचे गणित लहान आकड्यांवर सहज तपासता येते. ५ आणि ११ या मूळ संख्यांचा गुणाकार ५५. ही झाली सर्वांना ठाऊक असलेली संख्या. सार्वजनिक घातांक ३ घेतला, तर त्याला जुळणारा गुप्त घातांक २७ येतो. ‘७’ या संदेशावर सही करायची म्हणजे ७ चा २७ वा घात घ्यायचा, त्याला ५५ ने भागायचे आणि बाकी ठेवायची. बाकी येते २८. हीच सही. पडताळणी करणाऱ्याला २७ ठाऊक असण्याची गरज नाही. तो २८ चा घन करतो, ५५ ने भागतो, बाकी ७ येते आणि सही खरी ठरते. ५५ चे अवयव कळले, तर मात्र २७ हा घातांकही कळतो. म्हणून प्रत्यक्षात ५५ च्या जागी शेकडो अंकांची संख्या लागते. त्या संख्येची बिटमधील लांबी म्हणजेच किल्लीची लांबी.

इतके झाले की काम संपले असे वाटते. पण येथे एक भोक राहते. समजा, कोणाजवळ ‘७’ ची सही २८ आहे आणि ‘१४’ ची सही ९ आहे. तो या दोन सह्यांचा गुणाकार करतो : २५२. त्याला ५५ ने भागल्यावर बाकी ३२. आणि ३२ ही ‘४३’ या संदेशाची बिनचूक सही निघते, कारण ७ आणि १४ यांच्या गुणाकाराची, म्हणजे ९८ ची, ५५ ने भागल्यावरची बाकी ४३ आहे. गुप्त किल्लीला हात न लावता, ५५ चे अवयव न पाडता, नवी सही तयार झाली. ५५ च्या जागी कितीही मोठी संख्या घेतली तरी हे भोक बुजत नाही. किल्ली लांब करणे हा त्यावरचा उपाय नव्हेच.

उपाय आहे हॅश फलन. दस्तऐवज एका ओळीचा असो वा हजार पानांचा, त्यापासून ठरावीक लांबीचे एक मूल्य काढायचे आणि सही दस्तऐवजावर न करता त्या मूल्यावर, ठरलेल्या पद्धतीची भर घालून, करायची. दस्तऐवजात एक स्वल्पविराम बदलला तरी मूल्य पार बदलते. दोन मूल्यांचा गुणाकार केला, तर त्या गुणाकाराला साजेसा दस्तऐवज कोठून आणायचा, हा प्रश्न खोटेपणा करणाऱ्याची वाट अडवतो. त्यामुळे भोकही बुजते आणि लांबलचक मजकुरावर सही करण्याचा वेळही वाचतो. मात्र याची एक किंमत आहे. यापुढे सही दस्तऐवजाला चिकटलेली नसते; ती हॅश मूल्याला चिकटलेली असते. त्याच मूल्याचा दुसरा दस्तऐवज कोणी घडवला, तर सही आपोआप त्याचीही होते. किल्ली हे कुलूप मानले, तर हॅश हा दाराचा कोयंडा आहे. कोयंडाच उपसून निघत असेल, तर कुलूप किती लिव्हरचे आहे याला अर्थ उरत नाही.

आता कुलपाचा इतिहास. गार्डनर यांच्या सदरातील १२९ अंकी संख्या एप्रिल १९९४ मध्ये फुटली. सुमारे ६०० स्वयंसेवकांनी इंटरनेटवरून सुमारे १,६०० संगणक कामाला लावले आणि आठ महिन्यांत अवयव हाती आले. चार कोटी अब्ज वर्षांचा अंदाज सतरा वर्षांत कोसळला. संगणक वेगवान झाले हे त्याचे एक कारण. अवयव पाडण्याच्या नव्या रीती निघाल्या हे त्याहून मोठे कारण. ऑगस्ट १९९९ मध्ये १५५ अंकी, म्हणजे ५१२ बिटची, संख्या फोडली गेली. डिसेंबर २००९ मध्ये ७६८ बिट आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ८२९ बिट. या शेवटच्या कामाला एका प्रोसेसर-गाभ्याने एकट्याने केले असते तर सुमारे २,७०० वर्षे लागली असती, इतकी गणना करावी लागली. नीट निवडलेल्या मूळ संख्यांपासून बनवलेली १०२४ बिटची किल्ली अवयव पाडून फोडल्याचे जाहीर उदाहरण अद्याप नाही.

या तारखा भारतीय नियमांशेजारी ठेवून पाहाव्यात. ऑक्टोबर २००० मध्ये नियमांनी ५१२ बिटला जागा दिली, तेव्हा ती लांबी फुटून चौदा महिने झाले होते. यात कोणा एकाचा हलगर्जीपणा शोधण्यापेक्षा दोन कालगणनांमधला फरक ओळखणे बरे. नियम लिहिले जातात ते प्रचलित साधने पाहून, आणि गणित मात्र सरकारी राजपत्राची वाट पाहत नाही.

याच सुमारास भारतातूनच आलेल्या एका शोधाने काहींच्या मनात गोंधळ उडवला. ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी एखादी संख्या मूळ आहे की नाही हे निश्चितपणे आणि बहुपदी वेळात ठरवणारी रीत दिली. शतकानुशतकांच्या प्रश्नाला मिळालेले ते देखणे उत्तर होते. मग आरएसए संपली काय, अशी शंका निघाली. उत्तर नाही असे होते. संख्या मूळ नाही हे कळणे वेगळे आणि तिचे अवयव कोणते हे कळणे वेगळे. घरात कोणी आहे हे कळल्याने त्याचे नाव कळत नाही. आरएसएला मूळ संख्या लागतात त्या किल्ली बनवताना, आणि त्यासाठी आजही त्याहून वेगवान संभाव्यताधिष्ठित चाचण्याच वापरतात. कानपूरच्या शोधाने कुलपाला ओरखडासुद्धा काढला नाही.

कोयंडा मात्र सैल होत होता. एमडी-५ हे फलन रिव्हेस्ट यांनीच १९९१ मध्ये रचले. त्याचे मूल्य १२८ बिटचे. २३ माणसांच्या खोलीत दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते, हे कोडे अनेकांनी ऐकलेले असते. त्याच न्यायाने, १२८ बिटच्या फलनात दोन दस्तऐवजांची टक्कर सापडायला २ चा १२८ वा घात इतके प्रयत्न लागत नाहीत. २ चा ६४ वा घात पुरतो. हॅश फलनाची टकरीविरुद्धची ताकद तिच्या लांबीच्या निम्मीच मोजावी लागते. तीही, फलनाच्या रचनेत दोष नसेल तर. २००४ मध्ये चिनी गणिती वांग शियाओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमडी-५ च्या रचनेतील दोष वापरून प्रत्यक्ष टक्कर दाखवली. पुढच्या वर्षी त्यांनी शा-१ ची ताकदही अपेक्षेहून कमी असल्याचे मांडले.

येथे भारतीय कायदा एका चमत्कारिक पेचात सापडला. कायद्याचे तिसरे कलम म्हणते, दोन दस्तऐवजांपासून एकच मूल्य मिळवणे आवाक्याबाहेरचे असेल तेच हॅश फलन. नियमांचा तक्ता म्हणतो, एमडी-५ चालेल. २००४ नंतर दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी राहू शकत नव्हती. काटेकोर वाचले तर एमडी-५ ला कायद्याने घातलेली व्याख्याच लागू होत नव्हती, आणि तरीही त्याचे नाव कायद्याखालील नियमांत होते.

टक्कर सापडली म्हणून काय बिघडले, असे काहींना वाटत होते. दोन निरर्थक बिटमाळांचे मूल्य जुळले तर त्यातून कोणाची जमीन जाणार? डिसेंबर २००८ मध्ये बर्लिनच्या परिषदेत त्याचे उत्तर मिळाले. संशोधकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने स्वित्झर्लंडमधील लोझान येथील प्रयोगशाळेतील सुमारे २०० प्लेस्टेशन-३ यंत्रे वापरून दोन प्रमाणपत्रांचे एमडी-५ मूल्य जुळवले. एक साध्या संकेतस्थळाचे, दुसरे खुद्द प्रमाणन प्राधिकरण असल्याचे. साध्या प्रमाणपत्रावर एका व्यावसायिक प्राधिकरणाने नेहमीप्रमाणे सही केली. ती सही उचलून दुसऱ्याला जोडताच संशोधकांच्या हाती वाटेल त्या संकेतस्थळाचे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार आला. गटाने धोका टाळण्यासाठी त्या प्रमाणपत्राची मुदत मुद्दाम उलटून गेलेली ठेवली होती. प्राधिकरणाच्या आरएसए किल्लीला कोणी स्पर्शही केला नव्हता. तिची लांबी चौपट असती तरी निकाल तोच लागला असता. २०१२ मध्ये उघडकीस आलेल्या ‘फ्लेम’ या हेरगिरीच्या प्रणालीने याच दुबळेपणाच्या आधारे मायक्रोसॉफ्टच्या नावाची खोटी सही मिरवली. आता प्रयोगशाळेची हद्द ओलांडली गेली होती.

शा-१ चा शेवट अधिक संथ झाला. फेब्रुवारी २०१७ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने आणि गूगलने एकच शा-१ मूल्य असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ फायली जाहीर केल्या. त्यासाठी सुमारे २ चा ६३ वा घात इतक्या वेळा फलन चालवावे लागले. दोष नसता तर २ चा ८० वा घात लागला असता.

भारताने त्याआधीच पाऊल उचलले होते. प्रमाणन प्राधिकरणांच्या नियंत्रकांनी १ जानेवारी २०१२ पासून नव्या प्रमाणपत्रांसाठी २०४८ बिटची आरएसए किल्ली आणि शा-२ कुळातील हॅश ही जोडी लागू केली. या निर्णयातील शहाणपण दोन्ही गोष्टी एकत्र बदलण्यात होते. १०२४ बिटच्या आरएसएची ताकद अंदाजे ८० बिट धरतात. निर्दोष शा-१ ची टकरीविरुद्धची ताकदही ८० बिट. २०४८ बिटच्या आरएसएची ताकद अंदाजे ११२ बिट, आणि शा-२५६ ची १२८. नुसती किल्ली वाढवून शा-१ तसेच ठेवले असते, तर जुन्या कोयंड्याला नवे कुलूप लागले असते.

बदल फुकट झाला नाही. किल्लीची लांबी दुप्पट केली की नेहमीच्या गुणाकार-पद्धतीने सही करण्याचे काम सुमारे आठपट आणि पडताळणीचे सुमारे चौपट होते. विंडोज एक्सपीला सर्व्हिस पॅक ३ शिवाय शा-२ कळत नसे. आयकर विवरणपत्रे आणि कंपन्यांची कागदपत्रे भरणाऱ्यांना मुदत संपताच नव्या जोडीची प्रमाणपत्रे घ्यावी लागली. ताकद वाढवण्याचा खर्च असा सामान्य कार्यालयाच्या टेबलापर्यंत येतो, आणि म्हणूनच असे निर्णय लांबणीवर पडतात.

गणित नीट बसवूनही दार उघडू शकते, हे जुलै २०१४ मध्ये दिसले. नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटरच्या प्रमाणन प्राधिकरणातून गूगलच्या काही संकेतनामांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे गूगलच्या ध्यानात आले. प्रमाणपत्र देण्याच्या प्रक्रियेतच शिरकाव झाल्याचे निष्पन्न झाले. नियंत्रकांनी संबंधित मध्यस्थ प्रमाणपत्रे रद्द केली, आणि गूगलने क्रोम ब्राउझरमध्ये भारतीय मूळ प्रमाणपत्रावरचा विश्वास मोजक्या भारतीय संकेतनामांपुरता मर्यादित केला. तेथे ना अवयव पाडले गेले, ना टक्कर शोधली गेली. कुलूप आणि कोयंडा दोन्ही शाबूत असताना किल्ली सांभाळणाऱ्या घरातच चोर शिरला होता.

आज ही जोडी भारतीय जीवनात खोल रुजली आहे. आधार पत्रावरील सुरक्षित क्यूआर संकेताच्या शेवटी २५६ बाइटची सही असते, म्हणजे नेमके २०४८ बिट, आणि ती शा-२५६ मूल्यावर केलेली असते. महाराष्ट्रात शेतकऱ्याला मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा तलाठ्याच्या शाईच्या सहीविना ग्राह्य धरला जातो. २०१५ पासून आलेल्या ई-साइन सेवेत तर सही करणाऱ्या यंत्रणेकडे दस्तऐवज जातच नाही. जाते ते फक्त त्याचे हॅश मूल्य. ज्या मूल्यावर सही होते, तेच त्या यंत्रणेच्या लेखी सगळा दस्तऐवज असते.

अशा वेळी एका नव्या कायद्यातील छोटी नोंद अस्वस्थ करते. १ जुलै २०२४ रोजी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला. त्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्राचा नमुना अनुसूचीत आहे. पुराव्याचे हॅश मूल्य लिहिण्याची सक्ती करणारा हा नमुना स्वागतार्हच आहे. परंतु हॅश कोणत्या रीतीने काढले हे सांगण्यासाठी दिलेल्या पर्यायांत शा-२५६ बरोबर शा-१ आणि एमडी-५ हीही नावे आहेत.

न्याय्यपणे पाहिले तर दोन प्रकारचे हल्ले वेगळे करावे लागतात. पोलिसांनी जप्त केलेल्या फाइलचे एमडी-५ मूल्य आज नोंदले आणि उद्या तिसऱ्या कोणी त्या फाइलमध्ये फेरफार केला, तर ठरलेल्या मूल्याशी जुळणारी दुसरी फाइल घडवावी लागते. हे एमडी-५ च्या बाबतीतही अजून व्यवहारात कोणाला साधलेले नाही. टकरीचा हल्ला वेगळा. त्यात दोन्ही फायली एकच माणूस आधीपासून जोडीने घडवतो, एक दाखवतो आणि दुसरी राखून ठेवतो. म्हणजे प्रश्न असा उरतो, की फाइल मुळात बनवणाराच अप्रामाणिक असेल तर? न्यायालयासमोर येणाऱ्या वादांत ही शक्यता दूरची मानता येत नाही. २००० च्या तक्त्यात एमडी-५ होते, तेव्हा त्याची टक्कर सापडलेली नव्हती. २०२३ च्या नमुन्याला ती सबब उरलेली नाही.

पुढचा फेरा कुलपाचा आहे. १९९४ मध्ये, १२९ अंकी संख्या फुटली त्याच वर्षी, पीटर शोर यांनी दाखवले की पुरेसा मोठा क्वांटम संगणक अवयव पाडण्याचे काम बहुपदी वेळात करील. तसे यंत्र आले तर २०४८ आणि ४०९६ बिट यांत फारसा फरक राहणार नाही. भारताच्या केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला मंजुरी दिली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने क्वांटम संगणकालाही दाद न देणाऱ्या स्वाक्षरीच्या दोन पद्धती प्रमाणित केल्या. त्यांतील एक पद्धत निव्वळ हॅश फलनांच्या बळावर उभी आहे. आरएसए निवृत्त होईल तेव्हाही हॅश कामावर असेल.

तोवर जुन्या सह्यांचे काय, हा प्रश्न मात्र क्वांटम संगणकाची वाट पाहत नाही. जमिनीचा दस्त पन्नास वर्षे जपायचा असतो आणि त्यावरील सहीचे गणित पंधरा वर्षांत म्हातारे होते. २०१० च्या सुमारास १०२४ बिट आणि शा-१ ने सही झालेले दस्तऐवज आजही वैध आहेत. पण ती सही खरोखर तेव्हाच झाली होती, नंतर घडवलेली नव्हे, हे सांगणारा विश्वासार्ह कालशिक्का नसेल तर त्यांची बाजू दरवर्षी लंगडी होत जाईल. असे दस्तऐवज शोधून, त्यांवर आजच्या जोडीने नवा कालशिक्का घालून ठेवणे हे अभिलेखागारांचे काम आहे, आणि ते जुनी जोडी उघडपणे मोडण्याच्या आधी करायचे काम आहे.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याने निदान एक गोष्ट आजच करून पाहावी. स्वतःजवळच्या कोणत्याही डिजिटल स्वाक्षरी असलेल्या पीडीएफचा स्वाक्षरी-तपशील उघडावा. किल्ली किती बिटची, हॅश कोणता आणि कालशिक्का आहे की नाही, या तीन नोंदी तेथे सापडतील. हिरवी खूण पाहून बहुतेक जण तेथपर्यंत जातच नाहीत.